एका रेशन दुकानाची फाईल आणि राज्यमंत्र्यांच्या अधिकारांची हद्द

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका राज्यमंत्र्यांच्या कार्यालयातलं आहे. त्यांचं नाव, पक्ष, जिल्हा, गाव आणि साल मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. वाद होता एका गावातल्या रास्त भाव दुकानाचा, म्हणजे मंत्रालयाच्या हिशेबात अगदी लहान. तरीही राज्यमंत्र्यांना नक्की काय करता येतं, काय येत नाही आणि जे करता येतं ते कुठल्या कागदाच्या आधारावर, हे इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी फाईल माझ्या पाहण्यात नाही.

पार्श्वभूमी

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्री आणि इतर मंत्री एवढाच उल्लेख आहे. कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री हे थर तिथे नाहीत. कोणी कुठलं काम पाहायचं हे अनुच्छेद १६६ खाली राज्यपालांनी केलेल्या नियमांवरून ठरतं, आणि या प्रकरणाच्या वेळी महाराष्ट्रात १९७५ ची शासन कार्यनियमावली लागू होती. या व्यवस्थेत खात्याच्या कामाची प्राथमिक जबाबदारी प्रभारी मंत्र्यांवर असते. राज्यमंत्र्यांना शपथेनंतर खात्यांची नावं मिळतात, गाडी मिळते, दालन मिळतं. फाईलवर सही करण्याचा अधिकार मात्र मंत्र्यांनी काही विषय लेखी सोपवल्यानंतरच येतो. मंत्रिमंडळाच्या बैठकीलाही ते नेहमी नसतात, बोलावलं तर जातात.

राज्यमंत्र्यांवर कामाचा भार का पडतो, यालाही आकड्यांचं कारण आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर बांधला. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणून जास्तीत जास्त ४३ मंत्री. त्यात कॅबिनेटच्या जागा भरल्या की राज्यमंत्र्यांना थोड्याच उरतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, त्यांत राज्यमंत्री ६ होते. साहजिकच एकेका राज्यमंत्र्याकडे अनेक खाती येतात, आणि प्रत्येक खात्यात वेगळे मंत्री, वेगळे सचिव, वेगळं अधिकारवाटप.

आपल्या प्रकरणातले राज्यमंत्री विधानसभेवर निवडून आलेले, मंत्रिपदावर पहिल्यांदाच. त्यांच्याकडच्या खात्यांपैकी एक अन्न व नागरी पुरवठा. खात्याचे कॅबिनेट मंत्री युतीतल्या दुसऱ्या पक्षाचे. शपथ झाली आणि पुढचे कित्येक आठवडे या खात्यातली एकही फाईल राज्यमंत्र्यांच्या दालनात आली नाही. भेटायला येणाऱ्यांची रांग रोज होती. शेवटी अधिकारवाटपाचा आदेश निघाला. त्यात तीनच गोष्टी होत्या: सहापैकी दोन महसुली विभागांतल्या रास्त भाव दुकानांच्या पुनरीक्षण अर्जांवर सुनावणी, ग्राहक संरक्षणाचे काही विषय, आणि विधान परिषदेत खात्याच्या वतीनं उत्तरं देणं. बदल्या, धान्याचं नियतन, निविदा, धोरण हे सगळं मंत्र्यांकडेच राहिलं.

बाहेरून पाहणाऱ्याला यातला पहिला विषय किरकोळ वाटेल. तो तसा नाही. एखाद्या दुकानाचं प्राधिकारपत्र, म्हणजे दुकान चालवण्याचा परवाना, जिल्हा पुरवठा अधिकारी निलंबित किंवा रद्द करतात. त्यावर विभागीय पातळीवर उपायुक्तांकडे अपील होतं. तिथेही हरलेला पक्ष शासनाकडे पुनरीक्षणासाठी येतो. शासन म्हणजे इथे मंत्री किंवा त्यांनी अधिकार दिलेले राज्यमंत्री. दोन्ही बाजूंचे वकील समोर उभे असतात, कागद पाहायचे असतात आणि कारणांसह आदेश द्यायचा असतो. शेवटी त्यावर अवर सचिवांची सही आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ. राजकारणी माणसाला त्या तासापुरतं न्यायाधीशासारखं बसावं लागतं. राज्यमंत्रिपदातलं हे सर्वांत वजनदार काम आहे आणि त्याची तयारी कोणीही करून घेत नाही.

नेमकी अडचण

गावातल्या दुकानदाराविरुद्ध कार्डधारकांच्या तक्रारी जुन्या होत्या: पावती न देणं, अंगठा घेऊन कमी धान्य देणं, महिन्यातले बरेच दिवस दुकान बंद ठेवणं. तपासणीत साठ्यात तफावत निघाली आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी प्राधिकारपत्र रद्द केलं. उपायुक्तांनी अपील फेटाळलं. मधल्या काळासाठी हे गाव शेजारच्या गावच्या दुकानाला जोडण्यात आलं, आणि नवीन दुकानासाठी जाहीरनामा निघाला. त्याला गावातल्या एका महिला बचत गटानं अर्ज केला. दुकानवाटपात बचत गटांना प्राधान्य देण्याचं शासनाचं धोरण असल्यामुळे त्यांची बाजू भक्कम होती.

दुकानदारानं शासनाकडे पुनरीक्षण अर्ज केला, त्यासोबत जाहीरनाम्याला स्थगिती मागितली. त्यानंतर तो एका रविवारी सकाळी राज्यमंत्र्यांच्या मतदारसंघातल्या घरी आला. त्याचं गाव याच जिल्ह्यात, शेजारच्या तालुक्यात होतं. सोबत त्याचा भाऊ होता, निवडणुकीत पक्षाचा बूथ सांभाळणारा. दोन ओळींचं निवेदन पुढे करून भाऊ म्हणाला, “भाऊ, यावर फक्त स्थगितीचा शेरा द्या. बाकी खाली आम्ही पाहून घेतो.”

राज्यमंत्र्यांनी निवेदन ठेवून घेतलं, शेरा दिला नाही, आणि सोमवारी हा विषय हाताळणाऱ्या मंत्रालयातल्या कार्यासनाकडे माहिती मागितली. तेव्हा खरी गुंतागुंत कळली. पुनरीक्षण अर्जावरचा आवक शिक्का अधिकारवाटपाच्या आदेशाआधीचा होता. फाईल मंत्र्यांच्या कार्यालयाच्या नावानं नोंदलेली होती, पण सुनावणी सुरू झालेली नव्हती. अधिकारवाटपाचा आदेश पुढच्या प्रकरणांबद्दल बोलत होता. आधीच आलेल्या आणि पडून असलेल्या प्रकरणांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मग हा अर्ज कोणी ऐकायचा?

वेळ थोडा होता. जाहीरनाम्याची मुदत संपत आली होती. एकदा बचत गटाला प्राधिकारपत्र मिळालं की दुकानदाराच्या अर्जाला फारसा अर्थ उरणार नव्हता. उलट स्थगिती दिली असती, तर धान्यासाठी नाला ओलांडून शेजारच्या गावी जाणाऱ्या लोकांची वणवण आणखी लांबली असती. अंत्योदय कार्डावरचे महिन्याचे ३५ किलो धान्य डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाहून आणणं म्हणजे काय, हे मुंबईत बसून लक्षात येत नाही. म्हातारी माणसं तिथपर्यंत जात, ई-पॉस मशीनवर अंगठा उमटत नसे, आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परतत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रविवारच्या सकाळचाच होता: निवेदनावर ‘तूर्त स्थगिती द्यावी व अहवाल सादर करावा’ असा शेरा. कार्यालयातल्या काही अनुभवी मंडळींना यात वावगं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, शेरा म्हणजे आदेश नव्हे, खालचे अधिकारी नियमानुसारच वागतील. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. कायद्यात अशा शेऱ्याला बळ नसतं हे खरं. पण तो कागद जिल्ह्यात पोहोचला की पुरवठा अधिकाऱ्याचा हात थांबतो. तो लेखी विचारत नाही, वाद घालत नाही, नुसती कार्यवाही बाजूला ठेवतो. कोणालाही जबाबदार न धरता दुकानाचं वाटप महिनोन्‌महिने अडकतं, आणि त्याविरुद्ध दाद मागायला बचत गटाच्या हातात आदेशाची प्रतसुद्धा नसते. अधिकार नसताना अधिकाराचा सगळा परिणाम घडवणारी ही पद्धत आहे, आणि तिचा मार नेहमी वकील न परवडणाऱ्याला बसतो.

दुसरा पर्याय त्याहून धाडसी होता. राज्यमंत्र्यांनी रीतसर अंतरिम आदेश काढायचा आणि मंत्र्यांची कार्योत्तर मान्यता नंतर घ्यायची. प्रशासकीय खर्चाच्या फायलींत अशी मान्यता घेतली जाते, तीच सवय इथे डोकावली. विभागाच्या उपसचिवांनी इथे ठाम नकार दिला. वाद ऐकून निर्णय देण्याचा अधिकार त्या दिवशी नसेल, तर तो मागून लावता येत नाही. उच्च न्यायालयात पहिल्याच तारखेला असा आदेश पडला असता.

तिसरा मार्ग सरळ होता: फाईल मंत्र्यांकडे आहे, ती तिथेच राहू द्यायची आणि आपण दूर व्हायचं. यात कायद्याची चूक नव्हती, आणि दुकानदाराशी असलेल्या पक्षीय ओळखीचा प्रश्नही आपोआप मिटला असता. अडचण एवढीच की मंत्र्यांकडे अशा प्रलंबित अर्जांचा ढीग होता, आणि दोन विभागांची प्रकरणं राज्यमंत्र्यांकडे देण्याचं कारणही तोच ढीग होता.

चौथा मार्ग म्हणजे मंत्र्यांकडून लेखी स्पष्टीकरण मागायचं, ते येईपर्यंत कोणताही आदेश द्यायचा नाही, आणि अधिकार मिळालाच तर दोन्ही बाजूंना ऐकून निर्णय करायचा. हा मार्ग सुरक्षित होता आणि संथही. संथपणाची किंमत गाव मोजणार होतं. मतदारसंघात मात्र ‘साधा शेरा देता येत नाही, कसले मंत्री’ ही चर्चा सुरू होणार होती, आणि ती झालीही.

काय केलं गेलं

राज्यमंत्र्यांनी चौथा मार्ग घेतला. प्रधान सचिवांमार्फत मंत्र्यांना एक टिप्पणी गेली. त्यात एकच प्रश्न होता: आदेशाच्या दिनांकास प्रलंबित असलेली, पण सुनावणी सुरू न झालेली प्रकरणं कोणी चालवायची? दुकानाचं किंवा गावाचं नाव त्यात नव्हतं. हा निर्णय मला आजही मोलाचा वाटतो. एका दुकानासाठी अधिकार मागितला असता तर हेतूवर शंका आली असती. नियम म्हणून विचारल्यामुळे उत्तरही नियम म्हणून मिळालं.

तरी मंत्र्यांच्या कार्यालयात टिप्पणी आवडली नाही. राज्यमंत्री जास्तीचे अधिकार ओढू पाहताहेत असा तिथला समज झाला आणि फाईल दोन-तीन आठवडे हलली नाही. दोन पक्ष, दोन खासगी सचिव, आणि मध्ये प्रधान सचिव. ते दोघांनाही वेगवेगळे भेटले आणि प्रलंबित अर्जांची यादी समोर ठेवली. यादीची लांबी पाहून प्रश्न सुटला. अधिकारवाटपाच्या आदेशाला एक पानी शुद्धिपत्रक निघालं आणि सुनावणी सुरू न झालेली जुनी प्रकरणंही राज्यमंत्र्यांकडे आली.

या मधल्या काळात राज्यमंत्र्यांनी आणखी एक काम केलं, त्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. जोडलेल्या दुकानदारानं ठरावीक दिवशी याच गावात येऊन धान्य वाटावं अशी सोय झाली, तर लोकांची पायपीट थांबली असती. पण धान्यवितरणाची प्रशासकीय सूत्रं त्यांच्या हातात नव्हती. त्यांनी प्रधान सचिवांना लेखी विनंती केली. सचिवांनी जिल्ह्याला कळवलं, आणि समाजमंदिरात वाटप सुरू झालं. सुनावणीच्या खुर्चीवरून जे करता येत नाही ते प्रशासनाच्या वाटेनं मागता येतं. या दोन वाटा वेगळ्या ठेवता आल्या तर राज्यमंत्र्यांच्या मर्यादित अधिकारातूनही बरंच काही होऊ शकतं. ही विनंती आठवडाभर आधी गेली असती तर एका महिन्याचं वाटप वाचलं असतं.

पहिल्या सुनावणीला दोन गोष्टी घडल्या. सुरुवातीलाच राज्यमंत्र्यांनी सांगितलं की अर्जदाराच्या कुटुंबातले लोक आपल्या पक्षाचं काम करतात, ते आपल्या घरी येऊन गेले आहेत, आणि कोणाची हरकत असेल तर प्रकरण मंत्र्यांकडे परत पाठवता येईल. कोणी हरकत घेतली नाही. ही गोष्ट रोजनाम्यात नोंदवली गेली. दुसरी गोष्ट, नोटीस फक्त जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना गेली होती, बचत गटाला नाही. ज्यांच्या हातात दुकान जाणार, त्यांचं म्हणणं ऐकलंच जाणार नव्हतं! राज्यमंत्र्यांनी त्याच दिवशी बचत गटाला हस्तक्षेपक म्हणून सामील करून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

पुढच्या तारखेला गटातल्या तीन महिला रात्रभर रेल्वेनं प्रवास करून मुंबईत आल्या. प्रवेशपासाच्या रांगेतून वर दालनापर्यंत पोहोचल्या, तेव्हा ऐनवेळी आलेल्या शासकीय कार्यक्रमामुळे सुनावणी पुढे ढकलल्याचं कळलं. त्यातल्या एकीनं विचारलं, “साहेब, पुढच्या वेळी नक्की होईल ना? आमची रोजी बुडते.” त्यानंतरच्या सुनावणीला त्यांना जिल्हाधिकारी कार्यालयातून दूरदृश्य प्रणालीवर हजर राहू देण्यात आलं. ही मुभा आधीपासून देता आली असती.

दोन्ही बाजू ऐकल्यावर अंतरिम आदेश झाला. स्थगिती नाकारली. बचत गटाला दुकान देण्याची कार्यवाही चालू राहील, पण ते वाटप पुनरीक्षणाच्या अंतिम निकालाच्या अधीन असेल. कारणं दीड पानात लिहिलेली होती आणि प्रत सर्वांना गेली.

विधान परिषदेतला दिवस

अंतिम युक्तिवाद होऊन प्रकरण आदेशासाठी बंद झालं, आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. राज्यमंत्र्यांचं दुसरं मोठं काम इथे असतं. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, विधानसभा २८८ सदस्यांची आणि विधान परिषद ७८ सदस्यांची, आणि दोन्हींचं कामकाज एकाच वेळी चालतं. मंत्री एका ठिकाणी विधेयक मांडत असताना दुसऱ्या ठिकाणी खात्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणीतरी उभं राहावं लागतं. अनुच्छेद १७७ नुसार मंत्री ज्या सभागृहाचा सदस्य नाही तिथेही बोलू शकतो, फक्त मत देऊ शकत नाही. म्हणून विधानसभेचे आमदार असलेले आपले राज्यमंत्री परिषदेत उत्तरं देत होते.

त्या तालुक्यातल्या रेशन दुकानांतल्या गैरव्यवहाराबद्दल एका सदस्यांची लक्षवेधी सूचना लागली. तिच्यात नेमकं याच गावाचं नाव होतं. विभागानं तयार केलेल्या निवेदनाच्या मसुद्यात एक ओळ होती: दुकानदाराचे गैरप्रकार सिद्ध झाले असून दुकान बचत गटास देण्यात येत आहे. आदल्या रात्री निवासस्थानी अधिकाऱ्यांसोबत तयारी चालली असताना ती ओळ वाचून राज्यमंत्री थांबले. ज्या प्रकरणाचा निकाल आपल्याच हातून लिहायचा आहे, त्यात ‘सिद्ध झाले’ असं आपणच सभागृहात कसं म्हणायचं?

हा या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय होता, कारण इथे पदाच्या दोन जबाबदाऱ्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या. सभागृहाला माहिती देणं हे मंत्री म्हणून कर्तव्य. सुनावणी घेणारा म्हणून निकालाआधी मत न देणं, हेही तितकंच बंधनकारक. परिषदेत सदस्यांच्या आग्रहापोटी ‘दुकान बचत गटालाच देऊ’ असं बोललं गेलं, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. मग निकाल लिहिताना हात बांधलेले. दुकानदाराच्या वकिलाला कामकाजाची प्रत जोडून उच्च न्यायालयात पूर्वग्रहाचा मुद्दा मांडता आला असता, आणि तो टिकला असता.

ओळ काढून गुळमुळीत उत्तर द्यावं, असा एक सल्ला होता. दुसरा सल्ला, मंत्र्यांनीच परिषदेत येऊन उत्तर द्यावं. पण त्या दिवशी ते विधानसभेत पुरवणी मागण्यांवर अडकले होते. शेवटी राज्यमंत्र्यांनी उघड सांगण्याचा मार्ग घेतला. तालुक्यातल्या एकूण तपासण्या आणि कारवायांची माहिती दिली. नंतर म्हणाले की एका दुकानाचं पुनरीक्षण आपल्यापुढे निकालासाठी आहे, म्हणून त्याबद्दल आपण बोलणार नाही. सदस्य भडकले, सरकार उत्तर टाळतंय असा आरोप झाला, काही काळ गोंधळ झाला. लक्षवेधी राखून ठेवण्यात आली, आणि दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी त्या दुकानाबद्दल फक्त आतापर्यंतच्या आदेशांचा क्रम सांगितला.

दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत राज्यमंत्री निरुत्तर झाल्याचं छापून आलं. प्रत्यक्षात त्या दिवसाइतकं जबाबदारीनं कोणी त्या सभागृहात वागल्याचं मला क्वचितच आठवतं.

निकाल आणि त्यानंतर

अंतिम आदेश कोणालाच पूर्ण समाधान देणारा नव्हता. ई-पॉसच्या नोंदी आणि प्रत्यक्ष साठा यांतली तफावत कागदावर स्पष्ट होती. पण मूळ चौकशीत ज्या कार्डधारकांच्या जबाबांवर भर दिला होता, त्यांच्या प्रती दुकानदाराला दिल्याच नव्हत्या. त्याला उत्तर देण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. म्हणून रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवून प्रकरण फेरचौकशीसाठी जिल्ह्याकडे परत पाठवण्यात आलं. चौकशी होईपर्यंत प्राधिकारपत्र निलंबित राहील आणि दुकान तात्पुरतं बचत गट चालवेल, असंही आदेशात होतं.

पक्षाचे कार्यकर्ते नाराज झाले. तालुका पातळीवरच्या एका बैठकीत राज्यमंत्र्यांना ते ऐकवण्यात आलं. बचत गटालाही वाटलं की जिंकलेली बाजी अर्धवट राहिली, आणि त्यांचं वाटणं समजण्यासारखं होतं, कारण तात्पुरत्या दुकानासाठी भांडवल उभं करायला बँका उत्सुक नसतात. फेरचौकशीत सगळे जबाब आणि प्रती देऊन प्राधिकारपत्र पुन्हा रद्द झालं, आणि या वेळी त्या आदेशाला आव्हान दिलं गेलं नाही. या सगळ्याला वर्षाहून अधिक काळ गेला. जिल्ह्यानं पहिल्याच वेळी जबाबांच्या प्रती दिल्या असत्या तर हे प्रकरण मुंबईपर्यंत आलंच नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

अधिकारवाटपाच्या आदेशात प्रलंबित प्रकरणांबद्दल एक वाक्य असतं तर सुरुवातीचे ते आठवडे वाचले असते. प्रत्येक नव्या मंत्रिमंडळात हीच त्रुटी पुन्हा दिसते, कारण आदेशाचा मसुदा जुन्या आदेशावरून उतरवला जातो. सामान्य प्रशासन विभागानं एकच नमुना ठरवून द्यावा. कोणते विषय, कोणते विभाग, प्रलंबित प्रकरणांचं काय, आणि अंतरिम आदेशांचा अधिकार आहे की नाही, एवढं त्यात असलं तरी पुरे.

हा काटेकोरपणा फक्त कनिष्ठ पदाला लागू आहे असं नाही. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या भरतीला मुख्यमंत्र्यांनी दिलेली स्थगिती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२३ मध्ये रद्द केली. संबंधित मंत्र्यांकडे सोपवलेल्या विषयात त्यांचा निर्णय फिरवण्याचा स्वतंत्र अधिकार कार्यनियमावली मुख्यमंत्र्यांना देत नाही, हे त्यामागचं सूत्र. ज्याच्याकडे विषय सोपवलेला आहे त्याचंच काम ते. सुनावणीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणातच सांगितलं आहे की ऐकणारा एक आणि निर्णय देणारा दुसरा असं चालत नाही. तेव्हा मंत्र्यांनी ऐकलेलं प्रकरण मध्येच राज्यमंत्र्यांकडे, किंवा उलट, फिरवणं धोक्याचं आहे. शुद्धिपत्रकात ‘सुनावणी सुरू न झालेली’ हे शब्द होते, म्हणून आदेश टिकण्याजोगा झाला.

दुकानदाराच्या ओळखीबद्दल राज्यमंत्र्यांनी पहिल्याच दिवशी उघडपणे सांगितलं, हे चांगलंच. तरी माझं मत असं की त्यांनी हे प्रकरण मंत्र्यांकडे द्यायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या क्रायपाक निकालापासून न्यायालयं प्रत्यक्ष पक्षपात झाला का एवढंच पाहत नाहीत, पक्षपाताची रास्त शक्यता होती का हेही पाहतात. समोर मंत्री बसलेले असताना खेड्यातल्या बचत गटाचा वकील ‘आमची हरकत आहे’ असं म्हणेल ही अपेक्षाच अवास्तव आहे. स्वतःच्या जिल्ह्यातली प्रकरणं राज्यमंत्र्यांनी ऐकू नयेत, ती मंत्र्यांनी किंवा दुसऱ्या राज्यमंत्र्यांनी ऐकावीत, अशी साधी अट अधिकारवाटपातच घालता येईल. विरुद्ध बाजूचं म्हणणंही मी ऐकलं आहे: राज्यमंत्री मुळातच मोजके, त्यांच्या हातातलं आणखी काढलं तर पदात उरतं काय? पण हातात उरलेल्या निर्णयांवर लोकांचा विश्वास बसला, तर थोडे विषयही पदाला पुरेसं वजन देतात.

राज्यमंत्र्यांचा हा थर नसला तर काय होतं हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळात फक्त मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असताना अपिलांवरच्या सुनावणीचे अधिकार सचिवांकडे देण्यात आले होते आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्यानंतर मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, तरी डिसेंबर २०२४ पर्यंत राज्यमंत्री एकही नव्हता. ही सगळी अपिलं कॅबिनेट मंत्र्यांच्या टेबलावर इतर शंभर कामांच्या खाली जाणार, हे उघड आहे.

आणि सुनावणीची जागा. दोन महसुली विभाग राज्यमंत्र्यांकडे असताना त्या विभागांची प्रकरणं मुंबईत का ऐकायची? महिन्यातून एक दिवस विभागीय आयुक्त कार्यालयात सुनावणी ठेवली, तर दुकानदार, बचत गट आणि पुरवठा निरीक्षक सगळे एका बसच्या अंतरावर असतात. जिल्ह्याचं मूळ रेकॉर्ड मागवायला आठवडे लागत नाहीत. कार्यक्रम ऐनवेळी बदलला तरी कोणाची रात्रभराची रेल्वे आणि दोन दिवसांची मजुरी वाया जात नाही. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. राज्यमंत्र्यांच्या खासगी सचिवानं महिन्याच्या सुरुवातीला दौऱ्याच्या कार्यक्रमात ती तारीख टाकायची आणि ती हलू द्यायची नाही.